गोठ्यातल्या खोल्यांचं वाढीव भाडं

मंगळवार पेठेत बाळाप्पा गवळ्याच्या खोल्या कुठं, असं कुणी विचारलं तर लोक गल्लीचं नाव सांगत नसत. "सरळ जावा पावणं, शेणाचा वास आला की डावीकडं वळा," एवढंच सांगत. यात बाळाप्पाची चेष्टा आहे असं सांगणाऱ्याला वाटत नसे, आणि खरं म्हणजे बाळाप्पालाही वाटत नसे. गवळ्याच्या दारात शेणाचा वास यायचा नाही तर काय अत्तराचा येणार?

खोल्या मुळात गोठाच होत्या. बाळाप्पाच्या वडिलांच्या काळात तिथं पाच म्हशी उभ्या असत आणि म्हाताऱ्यानं त्यांना पंचगंगेच्या नद्यांची नावं दिली होती. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी सरस्वती. सरस्वती नदी जशी आजवर कुणाला दिसलेली नाही, तशी ती म्हैसही सोडली की कुणाला दिसत नसे. पेठेतली पोरं तिला हुडकत रंकाळ्यापर्यंत जात. संध्याकाळी या सगळ्या म्हशी कट्ट्यावर जाऊन उभ्या राहत, गिऱ्हाइकं पेले घेऊन येत आणि बाळाप्पा त्यांच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ पेला हातात देई. शाळा त्यानं लवकर सोडली होती, आणि शाळेनंही त्याला फारसं धरून ठेवलं नव्हतं. पण कुठलीही आडमुठी म्हैस त्याच्या हाताखाली पान्हा सोडायची, हे सगळी पेठ मानत होती.

या कामात बाळाप्पाचं एक तत्त्व होतं. पेंड आधी, धार मग. म्हशीपुढं आधी भिजवलेल्या सरकीच्या पेंडीची पाटी ठेवायची, तिनं तोंड घातलं की कासेला हात लावायचा. तिला काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. पोटात चांगलं पडलं की ती आपणहून देते. बाळाप्पानं हे तत्त्व म्हशींवर वापरलं, बायकोवर वापरून पाहिलं, गल्लीतल्या तालमीच्या वर्गणीलाही वापरलं, आणि बहुतेक वेळा ते लागू पडलं. त्यामुळं ते कुठं लागू पडणार नाही, याचा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही.

पुढं पिशवीचं दूध घरोघरी गेलं. कट्ट्यावरची गिऱ्हाइकं पांगली. वडील वारले आणि नद्या एकेक करून आटल्या, म्हणजे विकल्या गेल्या. रिकाम्या गोठ्याचं काय करायचं म्हणून बाळाप्पानं दावणींच्या मधे विटांच्या भिंती घातल्या, पुढं दारं बसवली आणि चार जागांच्या चार खोल्या केल्या. फाटकाजवळची पाचवी जागा त्यानं म्हशीसाठी राखली. गव्हाणी दगडी होत्या, त्या फोडायला पैसे नव्हते, म्हणून तशाच ठेवल्या. भाडेकरूंनी त्यांचा आपापल्या परीनं उपयोग केला. विठाबाईनं गव्हाणीवर फळी टाकून गॅस ठेवला. केरबानं आपली अंथरुणं गव्हाणीत घातली. संडास अंगणात एकच, सगळ्यांना मिळून, आणि न्हाणीघर म्हणजे तीन बाजूंनी पत्रा अन् चौथ्या बाजूला पोत्याचा पडदा. भाडंही त्याच मानानं होतं. वर्षानुवर्षं कुणी वाढवलं नाही, कुणी कमी कर म्हटलं नाही.

विठाबाई कांदा-लसणाची चटणी करून विकायची. तिच्या चटणीला पुण्या-मुंबईकडून मागणी होती. ती मिरच्या भाजायला बसली की अंगणातली सगळी माणसं शिंकायची, आणि म्हैससुद्धा. केरबा जुना पैलवान. गुडघे गेले होते, पण सकाळी बाळाप्पा धारेला बसला की तो पेला घेऊन शेजारी उभा राहायचा आणि कोमट दूध उभ्या उभ्या घशात ओतायचा. तिसरी खोली तेजस्वी आणि यशराजची. ती एका दवाखान्यात नर्स, तो शिरोलीला फौंड्रीत पाळीवर. लग्न झाल्यावर वर्षभर राहू आणि मग बघू, म्हणून आली आणि पोटात पोर येईपर्यंत राहिली. चौथी खोली गेली दोन वर्षं रिकामीच होती. बघायला येणारे यायचे, संडास कुठं म्हणून विचारायचे आणि विचार करून सांगतो म्हणून जायचे.

आणि पाचव्या जागेत कासारी. पहिल्या कासारीची नात. पंढरपुरी जातीची, पाठीवरून मागं गेलेल्या लांब शिंगांची. बाळाप्पाला पोरबाळ नव्हतं. म्हणून तो म्हशीवर जीव टाकतो, असं गल्लीत बोलायचे. मला विचाराल तर त्याला चार पोरं असती तरी त्यानं म्हशीवरच जीव टाकला असता.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, अंगावरचे केस भादरून नक्षी काढायची, पायांत चाळ बांधायचे, आणि मोटरसायकलची पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढून त्या दणदणाटामागं म्हैस पळवायची. ज्याची म्हैस दोरीशिवाय मालकाच्या गाडीमागं येते, त्याची मान वर. बाळाप्पाकडं वडिलांच्या वेळची राजदूत होती. कासारी रेडकू असल्यापासून तो एका हातात पेंडीचा गोळा धरून गाडीवर उलटा बसायचा आणि यशराजच्या आधी खोलीत राहणारा एक रिक्षावाला ती गाडी हळूहळू चालवायचा. कासारी त्या आवाजामागं चालायला शिकली, मग पळायला शिकली. पुढं पेंडीची गरज उरली नाही. राजदूत चालू केली की ती कान टवकारायची, आणि बाळाप्पा निघाला की मागं निघायची. पाडव्याला पंचगंगेच्या घाटाकडं जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं "बाळाप्पाची कासारी, बाळाप्पाची कासारी" म्हणायची, त्यावर तो वर्ष काढायचा.

पण कासारीचं दूध आता तिच्याच पेंडीला पुरत नव्हतं. चारा विकत, पेंड विकत, डॉक्टर विकत. कट्टा कधीच बंद पडला होता. बसव्वा, म्हणजे बाळाप्पाची बायको, संकेश्वरकडची. बोलणं मोजकं, नवऱ्यालाही कानडी पद्धतीनं 'री' म्हणायची, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, आणि हिशोब तोंडपाठ. "ही म्हैस आपण पाळत न्हाय री," ती म्हणाली, "ही आपल्याला खाऊन पाळायली."

त्यावर बाळाप्पाच्या डोक्यात ती कल्पना आली. खोल्या सुधारायच्या. प्रत्येक खोलीत स्वतंत्र संडास-बाथरूम, गव्हाणी फोडून त्या जागी फरशीचा ओटा, स्टीलचं सिंक, गळका पत्रा बदलून वर नवा. मग भाडं वाढवायचं. चौथी खोलीही भाड्यानं जाईल. पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता भाड्यातून जाईल आणि वर जे उरेल त्यात कासारी पोटभर खाईल. सगळा खटाटोप म्हशीसाठी होता, पण हे फक्त बसव्वाला माहीत होतं.

"आदी त्या लोकांस्नी इचारा तरी," बसव्वा म्हणाली.

"म्हशीला इचारून कोण पेंड घालतंय व्हय?"

"ती म्हशी न्हाईत. माणसं हाईत."

"बगशील तू. एकदा आतल्या आत न्हाऊन-धुऊन बाहीर आली की आपणच म्हणतील, अण्णा, भाडं किती वाढवायचं सांगा."

बसव्वानं साकु म्हटलं, म्हणजे पुरे, आणि ती विषय सोडून उठली.

आकाराम गवंडी कामाला लागला. भाडेकरू एकामागून एक रिकाम्या खोलीत राहायला जायचे आणि त्यांची खोली तोडून नवी व्हायची. काम चालू होतं तोवर अंगणात लग्नघरासारखी धांदल होती. विठाबाई गवंड्यांना चहा द्यायची. केरबा खुर्ची टाकून बसायचा आणि फरशीचा उतार चुकला की ओरडायचा. तेजस्वीनं आपल्या बाथरूमच्या फरशीचा रंग स्वतः निवडला, आणि बाळाप्पानं तो महाग असूनही आणला. एकदा विठाबाईनं विचारलंही, "अण्णा, एवढा खर्च कशापायी करतायसा?" बाळाप्पा नुसता हसला. पाटी पुढं ठेवली होती, तोंड घालू देत.

तोंड घातलंच. पहिला महिना सगळी खुशीत होती. केरबानं आत कमोडवर बसून आल्यावर आपल्या गुडघ्यांना जन्मात पहिल्यांदा सुख लागल्याचं सगळ्या अंगणाला ओरडून सांगितलं. दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला बाळाप्पानं तिन्ही खोल्यांतल्या माणसांना अंगणात बोलावलं आणि नवं भाडं सांगितलं. ते जुन्याच्या जवळजवळ दुप्पट होतं.

विठाबाईनं पदराचं टोक हातात धरलं. केरबानं आकाशाकडं पाहिलं.

"अण्णा," तेजस्वी म्हणाली, "हे तुम्ही आमच्यासाठी केलंयसा असं आम्हाला वाटलंतं की."

"तुमच्यासाठीच की. मग कुणासाठी?" बाळाप्पा म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं.

"मग आधी सांगायचं न्हवतं का? एवढं करणार, एवढं भाडं वाढणार, तुम्हाला परवडतंय का, असं?"

"आदी इचारलं असतं तर न्हाय म्हणाला असतासा."

"म्हणालो असतो नाहीतर नसतो. पण विचारलं असतंसा."

तेजस्वी पोटुशी होती, उभं राहून दमली होती, तरी तिनं मोबाइल काढून शोधलं आणि वाचून सांगितलं. गळका पत्रा बदलला ती दुरुस्ती, ती मालकाची जबाबदारी, तिच्यासाठी भाडं वाढवता येत नाही. संडास-बाथरूम ही सुधारणा, तिचा बोजा भाडेकरूंवर टाकता येतो, पण त्यांची लेखी संमती पाहिजे आणि वाढीलाही मर्यादा असते. ती भांडायला वाचत नव्हती. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना कागद समजावून सांगायची सवय होती, त्याच आवाजात तिनं ते वाचलं. बाळाप्पाला ते भांडणापेक्षा जड गेलं. भांडण असतं तर त्यानं दोन शब्द जास्त बोलून मोकळं केलं असतं.

"आम्ही रविवारी बसून ठरवतो," यशराज म्हणाला.

रविवारपर्यंत बाळाप्पाला जेवण गोड लागलं नाही. पतसंस्थेचा हप्ता तर सुरू झाला होता. त्याला भीती एकच होती, ही माणसं सोडून जातील. जुन्या खोल्यांत गोडीनं राहिली आणि नव्या खोल्यांतून निघून जातील. तसं झालं तर हप्ता कशातून भरायचा, आणि मग घरात विकण्यासारखं काय आहे, हे त्याला चांगलं माहीत होतं. ते फाटकाजवळ उभं राहून रवंथ करत होतं.

रविवारी सकाळी चौघंही बाळाप्पाच्या घरात आली. बसव्वानं चहा ठेवला. यशराजनं सुरुवात केली. पत्र्याचा खर्च वगळा, बाकीच्याचं हिशोबानं जेवढं बसतं तेवढं भाडं आम्ही वाढवून देतो. कुणी सोडून जाणार नाही. संमतीवर आत्ता सही करतो.

बाळाप्पाला इतकं हलकं वाटलं की तो उठून यशराजच्या पाठीवर थाप मारणार होता. मागितलं होतं त्यापेक्षा कमी होतं, पण हप्ता जात होता आणि पेंडही येत होती. तत्त्व खरं ठरलं होतं. त्यानं बसव्वाकडं असं बघितलं, की बघ, मी काय म्हणत होतो. बसव्वा मात्र तेजस्वीकडं बघत होती.

"आणि एक आहे अण्णा," तेजस्वी म्हणाली. "म्हैस."

"कासारीचं काय?"

"तिला दुसरीकडं ठेवायला पाहिजे."

बाळाप्पाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मला आता पोर होणार," तेजस्वी म्हणाली. "मच्छर किती आहेत बघता की. आमच्या वॉर्डात रोज डेंगूची पोरं येतात. कमी भाड्यात राहत होतो तोवर मी एक शब्द बोलले न्हाय. कमी भाड्यात असंच असतंय, म्हणून गप्प बसले. आता बाहेर ब्लॉकला पडतं तेवढं भाडं देणार. ब्लॉकच्या दारात म्हैस असते का अण्णा, तुम्हीच सांगा."

बाळाप्पा विठाबाईकडं वळला. ती या खोल्यांत सगळ्यांत जुनी. कासारी व्यायली तेव्हा कंदील धरून रात्रभर बसली होती.

विठाबाईनं मान खाली घातली. "अण्णा, मला चटणीचं लायसन काढायचंय. तपासायला सायेब आलता. दारातली म्हैस बगून त्यानं मानच हलीवली. न्हायतर मी कवा काय बोल्ले काय? तुमीच सांगा, मी कवा बोल्ले?"

खरंच ती कधी बोलली नव्हती. आणि तिच्या मिरच्यांनी अंगण शिंकत होतं, त्यावर बाळाप्पाही कधी बोलला नव्हता. ते आत्ता त्याच्या जिभेवर आलं, पण त्यानं गिळलं. राहता राहिला केरबा. बाळाप्पाच्या हातचं दूध पिऊन त्यानं कुस्त्या मारल्या होत्या.

"केरबा, तुजं काय मर्दा? तुला तर दूद पायजे की सकाळचं."

केरबा चहाच्या कपात बघत राहिला. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज बारीक झाला होता. "डॉक्टरनं बंद केलंय गड्या. लई दिस झालं. हार्टचं हाय म्हणाला."

"मग रोज पेला घिऊन उबा ऱ्हातोस ते?"

"तुला वाईट वाटंल म्हणून घितोय. खोलीत जाऊन मांजराला घालतोय."

सगळ्यांत जास्त बाळाप्पाला हेच लागलं. चौघं सही करून गेली तरी तो तसाच बसून राहिला. भाडेकरूंचा त्याला राग आला नाही, आणि राग येत नाही याचाच जास्त त्रास झाला. त्यांचं म्हणणं रास्त होतं. चांगल्या खोलीचं भाडं मागितलं, त्यांनी खोली चांगली मागितली. इतकी वर्षं तो कमी भाडं घेत होता आणि ती माणसं वास सोसत होती. हा व्यवहार कुणी बोलून केला नव्हता, पण चालू होता, आणि तो त्यानं आपल्या हातानं मोडला होता.

"भाडं जुनंच ठेवतो," तो शेवटी बसव्वाला म्हणाला. "म्हैस ऱ्हाऊ दे."

"आणि हप्ता?"

त्यानं हातातला कप नुसता फिरवला.

"ह्या खोल्या कुणासाटी बांदलासा?" बसव्वानं विचारलं.

"तिच्यासाटी."

"आणि आता तिलाच जागा न्हाय." बसव्वा हे कुचकेपणानं बोलली नाही. तिनं त्याच्या हातातला थंड चहाचा कप काढून घेतला आणि पुन्हा ताजा करून आणून दिला. "सयाजीला फोन करा री. बाजारात नगं द्यायला."

सयाजी गवळी पाचगावला राहत होता. मोठा गोठा, भरपूर म्हशी, आणि पाडव्याची हौस बाळाप्पाइतकीच. कासारीवर त्याचा डोळा आधीपासून होता. दुसऱ्या दिवशी तो आपल्या नव्या कोऱ्या बुलेटवर बसून आला, भाव ठरवला आणि म्हणाला, "टेंपो कशाला? गाडीमागनं न्हेतो की. मागनं येतीया, म्हणतंय सगळं कोल्लापूर."

कासारीचं दावं सोडलं. सयाजीनं बुलेट चालू केली. कासारीनं मान वळवून आवाज ऐकला आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं. सयाजीनं पुढं जाऊन हाळी दिली, पेंड दाखवली. तिनं पेंड खाल्ली आणि खाली बसली. बाळाप्पाला आतून बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगायचं? ती दुसऱ्या कुणाच्या मागं जात नव्हती. त्यानं सयाजीला दोनदा सांगितलं, "तिला माणूस कळतंय बग."

मग नाइलाजानं त्यानं राजदूत बाहेर काढली. किक मारली. फटफट सुरू झाली तशी कासारी उठून उभी राहिली आणि अंग झाडून गाडीच्या मागच्या चाकाजवळ येऊन थांबली.

बाळाप्पानं बसव्वाकडून विभूती मागून घेतली आणि कासारीच्या कपाळाला लावली. विठाबाई भाकरी घेऊन आली. केरबा खोलीतून बाहेर आला नाही. तेजस्वी दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं आपलं म्हणणं मागं घेतलं नाही, आणि घ्यायलाही नको होतं. बाळाप्पा पुढं, कासारी मागं, आणि तिच्या मागं बुलेटवर सयाजी, अशी ती वरात पेठेतून निघाली. रस्त्यात लोक विचारत, "अण्णा, पाडवा आला काय आत्ताच?" बाळाप्पा हात वर करून पुढं जाई.

पाचगावला कासारीला नव्या दावणीला बांधलं. सयाजी डोकं खाजवत म्हणाला, "बाळाप्पा, ही माज्या गाडीमागं कवा यायची? पाडव्याला काय करू मी? रागावू नगंस, पर तुजी राजदूत बी दे मला. काय ती किंमत घे."

बाळाप्पानं गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. किंमत घेतली नाही. परत येताना केएमटीच्या बसमध्ये जागा असूनही तो दांड्याला धरून उभाच राहिला.

नंतर सगळं ठरल्यासारखं झालं. एक तारखेला तिन्ही खोल्यांचं नवं भाडं बसव्वाच्या मोबाइलवर यायला लागलं. चौथ्या खोलीला भाडेकरू मिळाला. विठाबाईचं लायसन आलं. तेजस्वीला मुलगा झाला आणि यशराजनं पेढ्यांचा पहिला पुडा बाळाप्पाच्या हातात दिला. फाटकाजवळची पाचवी जागा धुऊन काढली, आणि तिथं यशराज आपली मोटरसायकल लावायला लागला. हप्ता वेळेवर जात होता. बाळाप्पाला सकाळी उठून करायला काही नव्हतं, तरी तो पहाटेच उठायचा, कारण इतक्या वर्षांचं अंग ऐकत नव्हतं. केरबा रिकाम्या हातानं शेजारी येऊन बसायचा.

एका गोष्टीवर मात्र बाळाप्पाचा जीव टिकून होता. पाडव्याला सयाजी कासारीला घेऊन घाटाकडं जाणार, आणि वाट या गल्लीच्या तोंडावरून होती. "बग तू," तो बसव्वाला आठवडाभर सांगत होता, "फाटक दिसलं की ती आत वळती का न्हाय. सयाजीची पंचाइत हुतीया बग." त्यानं पेंड आणून भिजवली. यशराजला गाडी जरा बाहेर लावायला सांगितली. यशराजनं काही न विचारता लावली.

पाडव्याला सगळं अंगण रस्त्यावर आलं. बसव्वा आणि विठाबाई ओवाळायचं ताट घेऊन, तेजस्वी पोराला कडेवर घेऊन, केरबा पटका बांधून. म्हशी येऊ लागल्या. चाळांचा आवाज, पुंगळ्यांचा आवाज, माणसांचा आरडाओरडा. त्यातही राजदूतचा आवाज बाळाप्पानं लांबून ओळखला. सयाजी आला. त्याच्यामागं कासारी, शिंगं केशरी रंगवलेली, अंगावर मोराची नक्षी, पायांत चाळ, आणि दोरी नाही. बाळाप्पा पेंडीचा गोळा हातात घेऊन रस्त्याच्या कडेला पुढं झाला.

"कासारीऽ! हुर्रऽ, कासारी!"

सयाजीनं त्याला बघून हात वर केला, गाडीही जरा हळू केली, पण मागून गाड्या आणि म्हशी रेटत होत्या, त्याला थांबता येईना. कासारी बाळाप्पाच्या हातभर अंतरावरून गेली. तिची नजर राजदूतच्या मागच्या चाकावर होती. तिचा कान हलला असं बसव्वा अजून सांगते. बाळाप्पाला तसं काही दिसलं नाही. घाटाकडच्या वळणावर केशरी शिंगं दिसेनाशी झाली.

"गड्या, थांबली न्हाय की रं!" केरबा ओरडला.

"कशी थांबंल?" बाळाप्पा म्हणाला. "मला वाटायचं, माज्या मागं येतीया. ती गाडीच्या मागं येत हुती. मीच शिकीवलं तिला मागं यायला. थांबायला कवा शिकीवलंच न्हाय."

हे त्यानं नेहमीच्याच आवाजात सांगितलं, आणि मग सगळ्यांच्या देखत, भर रस्त्यात, तो लहान पोरासारखा रडला. विठाबाईनं ताट खाली ठेवलं. तेजस्वीनं कडेवरचं पोर यशराजकडं दिलं आणि बाळाप्पाचा हात धरून त्याला फाटकातून आत आणलं.